गळालेली बॅटरी आणि जुना संगणक : दुरुस्तीविषयी दोन भूमिका

१९८४ साली आयबीएम कंपनीने पीसी-एटी हा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मदरबोर्डावर, म्हणजे सर्व मुख्य भाग ज्या पाटीवर बसवलेले असतात तिच्यावर, मोटोरोला कंपनीची एक घड्याळ-चिप होती आणि वीज बंद असतानाही ती चालू राहावी म्हणून तिला बॅटरीची जोड दिलेली होती. त्याआधीचा १९८१ चा पीसी प्रत्येक वेळी सुरू करताना तारीख आणि वेळ हाताने भरावी लागत असे. या चिपमध्ये ६४ बाइट इतकीच स्मृती असे. त्यांपैकी १४ बाइट घड्याळाच्या कामी येत आणि उरलेल्या ५० बाइटांत यंत्राला फ्लॉपी किती आहेत, स्मृती किती आहे, हार्ड डिस्क कोणत्या प्रकारची आहे, ही माहिती साठवली जाई. पुढे २८६, ३८६ आणि ४८६ या पिढ्यांच्या संगणकांत अनेक उत्पादकांनी ही बॅटरी थेट मदरबोर्डावर सोल्डर करून बसवण्याची पद्धत स्वीकारली. तीन निकेल-कॅडमियम सेल एका प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळून तयार केलेली, ३.६ व्होल्टची ही लहानशी नळकांडी बॅटरी संगणक चालू असताना भारित होत राही. यंत्र वर्षानुवर्षे बंद पडून राहिले की ती पूर्ण रिकामी होई, तिच्या झाकणाची सील सैल पडे आणि आतला द्रव बाहेर येई. ज्या बॅटरीवर यंत्राची स्मृती अवलंबून होती तिनेच यंत्र कुरतडावे, असा हा प्रकार आहे आणि जुन्या संगणकांच्या नाशाचे हे एक प्रमुख कारण आहे.

अशा यंत्राचे काय करावे, याविषयी दोन भूमिका संभवतात आणि त्या दोन्ही नार्नूरसारख्या ठिकाणी विशेष स्पष्टपणे मांडता येतात. नार्नूर हे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात महाराष्ट्राच्या सीमेजवळ असलेले मंडळाचे ठाणे असून (मंडळ म्हणजे तालुक्याहून लहान असा महसुली विभाग) तेथे मराठी, गोंडी, लंबाडी आणि तेलुगू या भाषा एकाच बाजारात कानावर पडतात. याच मंडळातील गुंजाळा या गावी गोंडी भाषेची एक स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते सापडली आणि त्यामुळे वस्तू जपावी की मजकूर जपावा, हा प्रश्न या परिसराला परका नाही. पुढील संवादातील गुरुजी हे मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत आणि कारागीर हा इन्व्हर्टर, टीव्ही व मोबाइल दुरुस्त करणारा दुकानदार आहे. दोघेही कल्पित असून त्यांना भूमिका आहेत, नावे नाहीत. त्यांच्यापुढचे यंत्र ३८६ जातीचे आहे आणि त्यात जिस्ट कार्ड बसवलेले आहे. हे कार्ड म्हणजे संगणकाच्या खाचेत बसवायची एक जादा पाटी होय. तिच्यावरील काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. इंग्रजीसाठी लिहिलेल्या वर्डस्टार किंवा डीबेससारख्या डॉस प्रणालींमध्ये काहीही बदल न करता पडद्यावर देवनागरी आणून देणे, हे तिचे कार्य.

गुरुजींची पहिली भूमिका अशी की यंत्राला हात लावू नये. "भाऊ, ही वस्तू जशी आहे तशी एका काळाची साक्ष आहे, तिच्यावर चढलेला हिरवा थर हाही त्या साक्षीचाच भाग मानला पाहिजे, कारण ती किती वर्षे कोणी उघडली नाही हे त्यावरूनच कळते. दुरुस्तीच्या नावाखाली आपण मूळ तांबे खरवडणार, मूळ भाग उपटणार आणि शेवटी जे उरेल ते आजच्या हाताचे काम असेल."

कारागिराचे उत्तर रसायनाच्या बाजूने येते आणि ते सविस्तर पाहण्याजोगे आहे. "गुरुजी, तुम्ही ज्याला साक्ष म्हणता ती अजून घडते आहे. या बॅटरीतला द्रव म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच तीव्र अल्कली. ती हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे उन्हाळ्यात कोरडी दिसणारी पूड आषाढात पुन्हा ओलसर होते आणि पुढे सरकते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून तिचा पांढरा कार्बोनेट बनतो, तांब्याशी मिळून निळे-हिरवे क्षार बनतात, आणि सोल्डरमधले कथील व शिसे दोन्ही अल्कलीत विरघळणारे असल्याने चकचकीत सांधे राखाडी व ठिसूळ होतात. बॅटरी तशीच ठेवली तर वस्तू जशी आहे तशी राहणारच नाही; पुढच्या पावसाळ्यापर्यंत आणखी दोन-चार ट्रॅक गेलेले असतील."

ट्रॅक म्हणजे बोर्डावरील तांब्याच्या त्या बारीक रेषा, ज्यांच्यातून एका चिपचा संदेश दुसऱ्या चिपपर्यंत जातो. त्यांची जाडी सामान्यतः ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम तिसाव्या भागाच्या आसपास असते. त्यांच्यावर सोल्डर मास्क नावाचा हिरवा संरक्षक थर असतो आणि कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक जेथे उघड्या धातूला लागते तेथेच कळकते, त्याप्रमाणे हा थर जेथे फुगतो वा चिरतो तेथून अल्कली आत शिरते. वरून थर शाबूत दिसावा आणि खाली ट्रॅक काळा पडून तुटलेला असावा, असे वारंवार आढळते. त्यातच बोर्डाच्या रचनेचे एक दुर्दैव असे की घड्याळाचा स्फटिक, जो सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो, आणि कीबोर्डची चिप व तिचे गोल सॉकेट हे भाग बहुधा बॅटरीच्या शेजारीच असतात; म्हणून गळतीची पहिली लक्षणे घड्याळ थांबणे आणि कीबोर्ड न ओळखला जाणे ही होत.

येथे गुरुजींची भूमिका पहिल्यांदा बदलते, आणि ती बदलणे योग्यच आहे. जतनशास्त्रात वस्तू जशी आहे तशी ठेवणे याचा अर्थ तिच्यावर चालू असलेली क्षयाची प्रक्रिया थांबवणे असा होतो. त्या क्षयाकडे पाहत बसणे हे जतन नव्हे. गळणारी बॅटरी कापून बाहेर काढणे ही दुरुस्ती की जतन, हा वाद शब्दांपुरता उरतो. ती त्याच दिवशी निघाली पाहिजे, यावर दोन्ही पक्षांचे दुमत राहू नये. ज्याच्याकडे दुरुस्तीची साधने नाहीत, ज्याला यंत्र चालू करायचेही नाही, त्यानेसुद्धा कवच उघडून, बोर्डाची छायाचित्रे घेऊन, हातमोजे घालून एवढे एक काम करावे. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये, कारण कॅडमियम ही विषारी धातू आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत संकलकाकडे गेली पाहिजे.

पुढचा मतभेद स्वच्छतेवरून होतो. कारागिराने एक चूक वेळीच टाळली आहे, जी इन्व्हर्टरच्या धंद्यात असलेल्या कोणाकडूनही सहज होऊ शकते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत गंधकाम्ल असते, म्हणून तिच्या टर्मिनलवर चढलेला थर गरम पाण्याने आणि खाण्याच्या सोड्याने काढण्याची रीत सर्वत्र आहे. निकेल-कॅडमियमची गळती मात्र आम्ल नसून अल्कली आहे, तिच्यावर सोडा टाकणे निरुपयोगी, आणि तिला उतारा सौम्य आम्लाचा, म्हणजे स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या व्हिनेगरचा. ब्रशने थोडे व्हिनेगर लावले की कार्बोनेट फसफसतो आणि फसफसणे थांबले की त्या जागेचे उदासीनीकरण झाले असे समजतात.

"पण व्हिनेगर हेही आम्लच," असे गुरुजी विचारतात. "अल्कलीने जे खाल्ले नाही ते ॲसेटिक आम्ल खाणार नाही, याची हमी कोण देणार? ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत हा आदिलाबाद जिल्हा होता, त्याच संस्थानाच्या हद्दीत अजिंठा होते. निझाम सरकारने १९२० नंतर इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावून तेथली भित्तिचित्रे जतन करवून घेतली. त्यांनी सुटत चाललेला रंग जागेवर बसवला हे खरे, पण चित्रांवर जे लाखेचे वॉर्निश चढवले ते पुढे पिवळे पडले आणि नंतरच्या रसायनतज्ज्ञांना तेच काढत बसावे लागले. उपाय म्हणून लावलेली वस्तू राहून गेली की तिचाच उपद्रव होतो."

हा आक्षेप या वादातला सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि कारागीर तो मान्य करूनच उत्तर देतो. "म्हणूनच गुरुजी, व्हिनेगर लावण्यापेक्षा ते धुणे हे मोठे काम आहे. बॅटरीत भरायचे डिस्टिल्ड वॉटर दुकानात असतेच. त्याने दोन-तीनदा धुवायचे, नळाचे पाणी वापरायचे नाही, कारण त्यातले क्षार वाळल्यावर बोर्डावर राहतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाणी काढून टाकायचे आणि वाळू द्यायचे. लिंबू पिळणारे लोकही आहेत; पण लिंबाचा रस साखर आणि चिकटपणा मागे ठेवतो." अजिंठ्याचे उदाहरण येथे दुरुस्तीच्या विरोधात जात नाही, ते दुरुस्तीची कसोटी सांगते: जो पदार्थ पुरता काढून टाकता येतो तोच वापरावा. या कसोटीला व्हिनेगर उतरते. तुटलेल्या ट्रॅकवर फासलेला जाड गोंद उतरत नाही.

यानंतर खऱ्या अर्थाने दुरुस्तीचे काम सुरू होते. काळवंडलेल्या जागेवरील हिरवा थर बारीक पॉलिश पेपरने हलकेच उतरवावा लागतो, भिंगाखाली ट्रॅक तपासावे लागतात आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड अखंड असल्यास बीप देणाऱ्या स्थितीवर, ठेवून प्रत्येक संशयित ट्रॅकची दोन टोके मोजावी लागतात. बोर्डाच्या एका बाजूवरून दुसरीकडे जाणारी आरपार छिद्रे ही विशेष धोक्याची ठिकाणे होत. त्यांच्या आतला तांब्याचा पातळ मुलामा प्रथम जातो आणि वरून काहीच दिसत नाही. अनेक बोर्ड चार थरांचे असतात, मात्र त्यांतील आतले दोन थर बहुधा वीजपुरवठ्याचे आणि भूसंपर्काचे असल्याने संदेशांचे ट्रॅक वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरच सापडतात, ही कारागिराच्या सोयीची गोष्ट आहे. अल्कलीने खाल्लेले सोल्डर सहजी वितळत नाही. त्याला आधी खरवडून, फ्लक्स लावून, ताजे सोल्डर देऊन मगच जुने काढावे लागते, आणि येथे घाई केली तर सोल्डरसकट तांब्याचा गोल पॅडच उखडून हाती येतो.

तुटलेल्या ट्रॅकच्या जागी बारीक तार जोडण्याला धंद्यात जंपर मारणे म्हणतात. कारागिराला हे जंपर जुन्या ट्रॅकच्या वाटेनेच, उघड्या तांब्याच्या तारेने काढून वर हिरवा थर चढवायचा आहे, जेणेकरून बोर्ड नव्यासारखा दिसेल. आपल्या हाताच्या सफाईचा त्याला अभिमान आहे आणि तो असावाच. गुरुजी याला ठाम विरोध करतात. "१९६४ च्या व्हेनिस सनदेने स्मारकांच्या दुरुस्तीविषयी जो दंडक घालून दिला त्यात हेच सांगितले आहे की नव्याने घातलेला भाग मुळाशी विसंगत दिसू नये, तरीही तो मुळापासून वेगळा ओळखू यावा. आपण केलेले काम लपवले तर उद्याच्या अभ्यासकाला उत्पादकाने काय केले आणि नार्नूरच्या दुकानात काय झाले, हे सांगता येणार नाही."

कारागिराला ही सनद ठाऊक नाही, पण तिचे तात्पर्य तो आपल्या अनुभवाने लगेच ओळखतो: दुसऱ्याने लपवून मारलेला जंपर शोधण्यात जितका वेळ जातो तितका मूळ बिघाडात जात नाही. प्रस्तुत लेखाचा कल येथे पूर्णपणे गुरुजींच्या बाजूने आहे. रंगीत, प्लास्टिकचे वेष्टन असलेली बारीक तार वापरावी, ती ट्रॅकच्या वाटेने न्यावी पण लपवू नये, आणि कोणत्या चिपच्या कितव्या पायापासून कोठपर्यंत ती गेली हे कागदावर लिहून तो कागद कवचाच्या आत ठेवावा. ज्या कामाची नोंद आहे ते परत उलटवता येते.

नव्या बॅटरीविषयी मात्र कारागिराचा शब्द अंतिम मानावा. जुन्या बोर्डात बॅटरी भारित करणारे मंडल असते, म्हणून तेथे आजची सीआर २०३२ ही नाण्यासारखी लिथियम बॅटरी सरळ जोडली तर जी भारित होण्यासाठी बनवलेलीच नाही तिच्यात प्रवाह ढकलला जाईल आणि ती फुटू शकेल; वाटेत एक डायोड, म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, घालणे अनिवार्य आहे. अनेक बोर्डांवर बाहेरची बॅटरी जोडण्यासाठी चार पिनांची वेगळी जागा असते. ती असल्यास तीन साध्या सेलांचे खोके लांब वायरने जोडून कवचाच्या बाहेर ठेवणे अधिक बरे, कारण साधे अल्कलाइन सेलही गळतात आणि तेही पोटॅशियम हायड्रॉक्साइडच गळतात. मूळ जागी नवी निकेल बॅटरी बसवणे हे मूळ रूपाशी इमान राखणारे दिसते, पण त्यातून वीस वर्षांनी याच बोर्डावर हाच प्रसंग पुन्हा येणार असतो.

यापुढचा प्रश्न हार्ड डिस्कचा, आणि त्यात दोन्ही पक्षांची स्थाने अनपेक्षितपणे बदलतात. गुरुजी म्हणतात, "डिस्कवर मराठी मजकूर असेल, तो निघाला की यंत्राचे काय करायचे ते पुढे पाहता येईल. जिस्टचा मजकूर इस्की या संकेतप्रणालीत असतो आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ती मानक म्हणून जाहीर केली आहे. युनिकोड या आजच्या जागतिक संकेतप्रणालीतली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८ च्या रूपावर बेतलेली असल्याने एकाचे दुसऱ्यात रूपांतर सरळ होते. मग यंत्र चालण्याची गरज काय?"

कारागीर या वेळी यंत्राचा कैवार घेतो. त्या काळच्या पुष्कळ डिस्क प्रत्येक माहिती सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांच्या पत्त्याने देतात. आजचे यूएसबी जोडणीचे स्वस्त अडॅप्टर ही पद्धत बहुधा ओळखत नाहीत, त्यामुळे अशी डिस्क वाचायला त्याच पिढीचा चालू संगणक लागतो. त्यातही हे तीन आकडे त्या ५० बाइटांत साठवलेले होते आणि बॅटरीबरोबर ते पुसले गेले आहेत. आकडे चुकीचे भरले तर डिस्कवरचे काही भलत्याच जागी वाचले जाईल, आणि त्या अवस्थेत एक अक्षर जरी लिहिले गेले तरी जुना मजकूर कायमचा बिघडेल. म्हणून डिस्कच्या वेष्टनावर छापलेले आकडे आधी उतरवून घ्यावेत, दुरुस्त बोर्ड पहिल्यांदा डिस्क आणि जिस्ट कार्ड दोन्ही काढून ठेवून चालू करावा, आणि बोर्ड स्थिर आहे अशी खात्री झाल्यावरच डिस्क जोडून तिची संपूर्ण प्रत घ्यावी. जेथे चालू असलेले दुसरे ४८६ उपलब्ध आहे तेथे डिस्क आधी त्यावर वाचावी, हे अधिक सुरक्षित. याशिवाय सर्वच मराठी मजकूर इस्कीत नसतो. नव्वदच्या दशकात छपाईसाठी वापरलेल्या फॉन्टांच्या संकेतप्रणाली उत्पादकागणिक वेगळ्या होत्या, आणि त्यांत साठवलेली फाइल मूळ फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते.

गुंजाळ्याची हस्तलिखिते येथे पुन्हा आठवावी लागतात. त्या लिपीला २०१८ च्या जून महिन्यात युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत स्थान मिळाले, तिचा फॉन्ट झाला, वाचनपाठ झाले; परंतु हे शक्य झाले ते केवळ कागद टिकल्यामुळे नव्हे. हस्तलिखिते अभ्यासकांपुढे आली तेव्हा गावात ती वाचू शकणारी मोजकी वृद्ध मंडळी हयात होती आणि कोणत्या खुणेचा उच्चार काय, हे त्यांनी सांगितले. गुरुजींना हे उदाहरण मजकुराच्या बाजूचे वाटते, कारण शेवटी लिपी युनिकोडात आली आणि कागद ज्याच्या त्याच्याकडे राहिला. प्रस्तुत लेखाला ते यंत्राच्या बाजूचे वाटते. इस्की फाइलचे युनिकोड रूपांतर मजकूर देते. पण १९९० च्या सुमारास एखादा लिपिक ती अक्षरे कशी लिहीत होता, हलन्त दाबल्यावर पडद्यावर जोडाक्षर कसे घडत होते, मोजक्या बिंदूंच्या चौकटीत 'क्ष' आणि 'ज्ञ' कसे बसवले होते, हे सांगणारा वाचक म्हणजे ते कार्ड आणि ते ज्यात चालते तो संगणक. छायाचित्रात कार्ड दिसते, त्याचे चालणे दिसत नाही.

शेवटचा मतभेद मिटलेला नाही आणि तो मिटवण्याची घाई करण्याचे कारण नाही. दुरुस्त यंत्र काचेच्या कपाटात ठेवून वर्षातून एकदा चालवावे, असे गुरुजींचे म्हणणे. ते शाळेत मांडून मुलांच्या हाती द्यावे, असे कारागिराचे. मूळ डिस्क काढून जपून ठेवावी आणि तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड जोडावे, म्हणजे फिरणाऱ्या भागांची झीज थांबेल, एवढ्यावर दोघांचे एकमत होते. "मुलांना त्यावर काही करता येणार नाही," ही गुरुजींची शंका कारागीर कीबोर्ड पुढे ओढून निकालात काढतो: जिस्ट कार्डासाठी वापरली जाणारी किल्ल्यांची मांडणी इन्स्क्रिप्ट आहे, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, आणि शाळेच्या आजच्या संगणकावर मराठी निवडल्यावर जी मांडणी मिळते तीही हीच; मुलाला या ३८६ वर आपले गाव लिहायचे झाले तर नव्याने फक्त डॉसमध्ये फाइल कशी उघडायची तेवढे शिकावे लागेल.